सारजा परत गेली नाही

पौड रस्त्याला लागून, माळावर, चार गावांनी मिळून एक हायस्कूल काढलं होतं. सहा खोल्या, वर पत्रा. पावसाचा जोर वाढला की पत्र्यावर असा ताशा वाजे की मास्तरांनी फळ्यावर लिहायचं नि पोरांनी वहीत उतरवायचं, बोलायचं काम नाही. त्या शाळेत लीला मारणे मराठी शिकवायची. कासार आंबोलीच्या रंभाबाईची ही लेक. बाप लहानपणीच गेला. मामाकडे पुण्यात राहून ती बी.ए. झाली, बी.टी. झाली. आता ही कसली गावाकडं येतेय, असं जो तो म्हणत होता. आणि एक दिवस पोरगी ट्रंक घेऊन एस.टी.तून उतरली ती गावाकडच्या शाळेत नोकरी करायलाच. गावात तिला कुणी अजून ‘लीले’ म्हणून हाक मारी. शाळेत मात्र ती मारणेबाई.

गोष्ट त्रेसष्ट सालच्या जूनमधली. त्या वर्षी शाळेचा अकरावीचा, म्हणजे तेव्हाच्या एस.एस.सी.चा निकाल लागला आणि शाळेची अब्रू गेली. एकवीस जण बसले, सहा पास झाले. नापासांतले नऊ तर मराठीत गेले होते. "पोरं आईच्या भाषेत नापास व्हत्यात, मग हितं शाळा कशाला काढली? गोठा काढायचा हुता," असं संस्थेचे चेअरमन जयसिंगराव भर पारावर बोलले. अकरावीला मराठी शिकवणारे जुने मास्तर तेवढ्यात निवृत्त झाले, आणि अकरावी लीलाच्या पदरात पडली.

हेडमास्तर कोंडिबा गोळे. मूळचे त्याच पट्ट्यातले, अंगावर धुतलेला पण इस्त्री न केलेला सदरा, चेहरा कायम परीक्षेच्या हॉलमध्ये बसल्यासारखा. ते पुण्याला गेले आणि अप्पा बळवंत चौकातून पिवळ्या पुठ्ठ्याच्या पुस्तकांचा गठ्ठा घेऊन आले. त्या वर्षी एक जुनी, नावाजलेली कादंबरी अभ्यासाला होती, तिचं हे गाईड. कादंबरी तीनशे पानांची, गाईड शहाण्णव पानांचं. गोषवारा, पात्रपरिचय, ‘स्वभावातील गुण-दोष’, आणि शेवटी चाळीस संभाव्य प्रश्न उत्तरांसकट, कुठल्या उत्तराला किती ओळी नि किती मिनिटं तेही छापलेलं.

"बाई, वर्गात हे चालवा," गोळेसर म्हणाले. "कादंबरी राहू द्या. तीनशे पानं वाचायला ह्यांना वेळ कुठाय? भातलावणी आली की निम्मा वर्ग चिखलात असतो."

लीला नोकरीत अजून कायम झालेली नव्हती. तिनं गठ्ठा उचलला आणि वर्गात गेली.

तीन महिने तिनं गाईड चालवलं. सकाळी वर्गावर गेलं की एक प्रश्न फळ्यावर, खाली उत्तर. पोरं सुरात घोकायची. "सारजा ही कादंबरीची नायिका असून ती स्वभावाने सोशिक परंतु हट्टी आहे." एकोणीस तोंडं एकदम हलायची. सारजा कोण, कुठली, कशी बोलते, कशी हसते, यातलं काही त्यांना ठाऊक नव्हतं. हट्टी आहे एवढं ठाऊक होतं. लीलाला ते ऐकताना जेवणाच्या ताटात नुसती पदार्थांची नावं वाढल्यासारखं वाटे. पण चाचणीत मार्क बरे पडले, गोळेसर खूश झाले, आणि तीही गप्प बसली.

वर्गात तीनच मुली. त्यातली भागू धनगराची. डोंगराच्या पोटाला त्यांची वस्ती, बाप सावळा मेंढरं राखायचा. रोज दीड कोस चालत यायची. सप्टेंबरात एक दिवस वर्ग सुटल्यावर ती टेबलापाशी घुटमळली.

"बाई, ते सारजंचं मूळ पुस्तक हाय का तुमच्याकडं?"

"आहे. कशाला?"

"वाचायचंय. आमच्यात समद्यांना गोष्ट पायजेल. ‘तू रोज घोकतीस ती बाई कोन?’ म्हनून बा इचारतो. मला सांगताच येत न्हाई."

लीलानं कॉलेजातली आपली प्रत तिला दिली.

पंधरा दिवसांनी भागू परत आली ती धापा टाकतच. पुस्तक दप्तरात नव्हतं, हातात होतं, मध्ये बोट घातलेलं.

"बाई, गाईडात खोटं लिव्हलंय."

"काय खोटं?"

"शेवट. गाईडात हाय, सारजा नवऱ्याच्या पायावर पडती, माफी मागती नि घरी नांदाया लागती. मी घरी समद्यांना वाचून दावलं, पुस्तकात तसं न्हाईच. हे बघा."

लीलानं पानं उघडली. उभ्यानंच वाचत गेली. नवऱ्यानं संशय घेऊन सारजेला घराबाहेर काढलेलं. सात वर्षं ती नदीच्या उतारावर मडकी विकून जगते. मग नवरा आजारी पडतो, निरोप येतो, ती जाते. चाळीस दिवस त्याची सेवा करते. तो बरा होतो, ‘आता राहा’ म्हणतो. आणि सारजा पहाटे पाणी भरते, चूल पेटवून ठेवते, आपलं गाठोडं उचलते आणि निघून जाते. पायावर पडणं नाही, माफी नाही. मागं वळून बघणंसुद्धा नाही.

लीलाचे कान तापले. गाईड लिहिणाऱ्यानं पुस्तक शेवटपर्यंत वाचलं नव्हतं, की वाचून त्याला ते रुचलं नव्हतं, देव जाणे. पण त्याचं सोडा. तिनं स्वतः ही कादंबरी कॉलेजात वाचली होती, शेवटाला रडली होती. आणि तीच बाई तीन महिने फळ्यावर लिहीत होती की सारजेनं माफी मागितली. फळ्यावर लिहिताना तिचा हात एकदाही अडखळला नव्हता. ही गोष्ट तिला गाईडवाल्याच्या खोटेपणापेक्षा जास्त लागली.

ती तशीच गोळेसरांकडे गेली. पुस्तक आणि गाईड दोन्ही टेबलावर ठेवली.

गोळेसरांनी दोन्ही वाचलं. चष्मा काढला.

"पुस्तक खरं आहे," ते म्हणाले. "मग?"

"मग आपण पोरांना खोटं शिकवतोय, सर."

"बाई, पेपर तपासणाराही हेच गाईड पुढ्यात घेऊन बसतो. एका दिवसात शंभर पेपर काढायचे असतात त्याला. पोरांना पास करायचंय, की सारजेला न्याय मिळवून द्यायचाय?" मग त्यांचा आवाज खाली आला. "मी मॅट्रिकला तीनदा बसलो. घरात पुस्तक नावाची वस्तू नव्हती. तेव्हा कुणी असं शहाण्णव पानांचं काही हातात दिलं असतं तर दोन वर्षं वाचली असती माझी. तुम्ही मामाकडं राहून शिकलात. ह्या पोरांचे मामा पुण्यात नाहीत."

हे लीलाला वर्मी लागलं, कारण त्यात तथ्य होतं.

"सर, ह्या पोरांना तीनशे पानं झेपायची नाहीत, हे आपणच ठरवलंय. धनगराच्या पोरीनं पंधरा दिवसांत वाचली. घरात मोठ्यानं वाचून दाखवली. उद्यापासून मी वर्गात कादंबरी वाचणार."

"मी परवानगी देत नाही."

"मी मागायला आले नव्हते, सर. सांगायला आले होते."

दुसऱ्या दिवशी तिनं वर्गात गाईड मिटलं. "हे तुमच्याकडे ठेवा," ती पोरांना म्हणाली. "जाळू नका, फाडू नका. पण यातला शेवट खोटा आहे. मीही तो तुम्हाला शिकवला, ती माझी चूक. आता पहिल्या पानापासून वाचू."

गोळेसर दोनदा दारावरून गेले, पण वर्ग थांबवायला आत आले नाहीत. पोरं आधी कुरकुरली. मग तिसऱ्या दिवशी सारजेच्या सासूनं पहिलं भांडण काढलं आणि मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "आमची आजी शेम अशीच बोलती!" वर्ग हसला आणि तिथून गाडी मार्गाला लागली. तास संपला तरी पोरं उठेनात. भात कापणीच्या दिवसांत जी पोरं शाळा बुडवायची, ती डोक्यावर मुंडासं तसंच ठेवून दुपारच्या तासाला येऊन बसू लागली, आणि ‘काल काय झालं’ ते एकमेकांना विचारू लागली. तुळजा नावाची मुलगी, जी जूनपासून तोंडातून शब्द काढत नव्हती, ती एक दिवस उभी राहून म्हणाली, "सारजा सोशिक न्हाई बाई. ती वाट बघतीय." लीलानं ते वाक्य फळ्यावर लिहिलं.

जानेवारीत तपासणी आली. पुण्याहून साहेब आले, जाडजूड, घाईत असलेले. गोळेसर मागं उभे. साहेबांनी अकरावीच्या वर्गात खुर्ची घेतली आणि विचारलं, "कादंबरीच्या अखेरीस सारजा काय करते? कोण सांगेल?"

पहिल्या बाकावरून भागू उठली. "जाती, सायेब. नवरा बरा व्हतो, मग ती निगून जाती."

"चूक. बस."

भागू बसली नाही. "चूक न्हाई, सायेब. मी वाचलंय."

साहेबांनी लीलाकडे पाहिलं. "बाई, वर्गाला साधा गोषवारासुद्धा येत नाही? सारजा क्षमा मागून पतिगृही राहते. यातच कादंबरीचा बोध आहे."

गोळेसरांनी मागून मान हलवली. गप्प बसा, असं ती मान म्हणत होती. वर्गातली एकोणीस डोकी लीलाकडे वळली. तिच्या मनात आलं, आपण आत्ता ‘हो’ म्हणालो तर ही पोरगी आयुष्यभर डोळ्यांनी वाचलेल्यावर विश्वास ठेवणार नाही.

"मुलीचं उत्तर बरोबर आहे, साहेब," ती म्हणाली. तिनं पुस्तक उघडून त्यांच्यापुढे धरलं. "हे पान. आपण वाचावं."

साहेबांनी पुस्तक हातात घेतलं नाही. "मला पुस्तक दाखवता?"

"वर्गात पुस्तकच दाखवतात, साहेब."

साहेब उठले, ऑफिसात गेले आणि शेरेबुकात चार ओळी लिहिल्या. शिक्षिका उद्धट, अध्यापन अभ्यासक्रमाला सोडून, विद्यार्थ्यांची तयारी असमाधानकारक. खाली शिक्षिकेची सही पाहिजे होती. लीलानं पेन घेतलं. सहीच्या जागी तिनं लिहिलं, ‘शेरा मान्य नाही. कादंबरीचे शेवटचे प्रकरण पाहावे.’ मग त्याखाली सही केली, पूर्ण नावानिशी.

पुढच्याच आठवड्यात जयसिंगरावांनी संस्थेची बैठक बोलावली. सतरंजीवर सात माणसं, लीला एकटी खुर्चीवर. खुर्ची मानाची नव्हती, सगळ्यांना दिसावी म्हणून दिली होती. दाराशी भागूचा बाप सावळा घोंगडी सावरत उभा होता. त्याला कुणी बोलावलं नव्हतं.

"लीले, तू आमची गावची पोर," जयसिंगराव म्हणाले. "दोन वळी लिहून दे सायबाला. चूक झाली म्हनावं. आमी तुला कायम करतो, इषय मिटला."

"चूक झाली असती तर लिहिली असती, काका. वर्गापुढे माझी एक चूक मी कबूल केलीय. ही चूक माझी नाही."

"एका गोष्टीच्या पुस्तकापायी नोकरी घालवतीस?"

"पुस्तकापायी नाही. पोरांनी खरं उत्तर दिलं आणि मी त्यांना खोटं पाडायचं, ते मला जमणार नाही."

जयसिंगराव दाराकडे वळले. "काय रं सावळ्या? तुजी पोर नापास झाली तर कुनाला धरशील?"

सावळा आत आला नाही. उंबऱ्यापाशीच बसला. "मालक, मला अक्षर येत न्हाई. पर पोरीनं समदं पुस्तक वाचून दावलंय. मी रोज मेंढरं कोंडली की ऐकायचो. त्या बाईचा नवरा मी असतो, तर तिला मी ठिऊन घेतली असती. पर ती ऱ्हायली नसती. का ऱ्हायली नसती, ते बी मला कळलंय. मंग पोरीला का कळू नये?"

शेवटी ठरलं की निकाल लागेपर्यंत थांबायचं.

मार्चमध्ये परीक्षा झाली. पेपरात शेवटावरच प्रश्न आला. जूनमध्ये निकाल. एकोणिसातले बारा पास. भागूला मराठीत चव्वेचाळीस. गाईड घोकून लिहिणाऱ्या दोघांना त्रेपन्न आणि एकावन्न. म्हणजे गोळेसरांचं म्हणणं खोटं ठरलं नव्हतं, आणि लीलाचंही नव्हतं. मराठीत एकटी तुळजाच गेली.

त्या संध्याकाळी तुळजाची आई धोंडाबाई लीलाच्या ओसरीवर आली आणि उभ्यानंच बोलायला लागली.

"तुमच्या पुस्तकानं माज्या पोरीचं वाटुळं क्येलं. ती नापास झाली न्हवं, आता तिचा बाप म्हनतो, बास झाली शाळा. तुळशीचं लगीन झालं की हिचं लावतो. तुमाला काय वो? तुमचा पगार चालूच हाय."

रंभाबाई लेकीच्या बाजूनं काही बोलायला उठली, तर लीलानं तिला हातानं थांबवलं. धोंडाबाईचं सगळं ऐकून घेतलं. मग तिनं तुळजाला बोलावून पेपरात काय लिहिलं ते विचारलं. तुळजानं मान खाली घालून सांगितलं. सारजेवर तिनं पाच पानं लिहिली होती, भरभरून, मनापासून. आणि वेळ संपला तेव्हा व्याकरणाचे अन् निबंधाचे प्रश्न कोरे राहिले होते.

लीलाला कळलं, परीक्षकानं पोरीला पाडलं नव्हतं. पुस्तकानंही नाही. मन मोकळं करायला शिकवलं, पण तीन तासांत कुठं थांबायचं ते शिकवलं नाही. ते शिकवायचं काम तिचं होतं. गाईडातलं तेवढं एक तिला घेता आलं असतं, आणि ते तिनं रागाच्या भरात टाकून दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती तुळजाच्या बापाकडे, कुशाबाकडे गेली. तो खाचरात बांध घालत होता. लीला चपला काढून बांधावर उभी राहिली.

"कुशाबादादा, ऑक्टोबरला परत परीक्षा असते. एकाच विषयाची. तोवर थांबा."

"आन तवाबी नापास झाली तर?"

"तर मी तुमच्या दारात येऊन सगळ्यांसमोर सांगेन की शिकवणं मला जमलं नाही. पोरीला काही बोलायचं नाही."

कुशाबानं फावडं टेकवलं. बाईच्या पायाला चिखल लागलेला त्यानं पाहिला. "दिवाळीपातूर," तो म्हणाला. "फुडं मी ऐकायचो न्हाई."

शाळेत जयसिंगरावांनी लीलाची अकरावी काढून घेतली. तिला पाचवी नि सहावी दिली, आणि कायम करण्याचा कागद तसाच दाबून ठेवला. अकरावीला पुण्याहून एक नवे मास्तर आणले, आणि पिवळ्या पुस्तकांचा नवा गठ्ठा. लीला सहावीच्या वर्गात जाऊन उभी राहिली आणि जोडाक्षरं शिकवू लागली.

शाळा सुटल्यावर तुळजा ओसरीवर यायची. रंभाबाईनं शेजारून घड्याळ मागून आणलं होतं. लीला प्रश्न द्यायची आणि पंचवीस मिनिटं झाली की म्हणायची, "थांब." तुळजाला थांबवत नसे. "बाई, अजून लई राहिलंय!" "राहू दे. जे राहिलं ते तुझं. पेपराला तेवढंच द्यायचं जेवढं मागितलंय." पहिल्या महिन्यात पोरगी दोनदा रडली. दुसऱ्या महिन्यात तीच घड्याळाकडे बघून पेन खाली ठेवू लागली. शेवट मात्र तिनं बदलला नाही. लीलानंच एकदा तिला विचारलं, "परीक्षेपुरतं गाईडातला लिहितेस का? तुझ्यावर मी जबरदस्ती करणार नाही." तुळजा म्हणाली, "न्हाई. पर चारच वळीत लिहीन."

नोव्हेंबरात ऑक्टोबरच्या परीक्षेचा निकाल आला. तुळजाला एकेचाळीस. कुशाबानं लीलाला काही कळवलं नाही. त्यानं फक्त पाहुण्यांना निरोप धाडला की यंदा आमच्याकडं लग्न नाही. सोबतीसाठी भागू वर्षभर थांबली होती; पुढच्या जूनमध्ये ती आणि तुळजा दोघी पुण्याला अध्यापिका विद्यालयात गेल्या. सावळा त्यांना पोचवायला पुण्यापर्यंत गेला आणि मेंढरं दोन दिवस भावावर सोपवली, याची वस्तीवर बरेच दिवस चर्चा होती.

त्याच जूनमध्ये अकरावीचे पुण्याचे मास्तर कंटाळून निघून गेले. एस.टी. चुकली की चालत यावं लागतं, हे त्यांना वर्षभरात झेपलं नव्हतं. एका रविवारी सकाळी गोळेसर लीलाच्या ओसरीवर आले. रंभाबाईनं चहा दिला. त्यांनी तो सगळा पिऊन होईपर्यंत विषय काढला नाही.

"अकरावी परत घ्या, बाई," शेवटी ते म्हणाले. "जयसिंगरावांशी बोललोय मी."

"अट काय?"

"अट अशी की... तुम्हाला माहीतच आहे. गाईड चालवायचं."

"मग सहावीच बरी आहे माझी, सर. तिथली पोरं निदान मला प्रश्न विचारतात."

गोळेसरांनी कप खाली ठेवला. ते थकलेले दिसत होते.

"कुठल्या प्रश्नाला किती वेळ द्यायचा, हे तरी गाईडातून शिकवाल?"

"ते शिकवीन. ते गाईडात चांगलं आहे."

"आणि बाकीचं पुस्तकातून?"

"सगळं पुस्तकातून. पहिल्या पानापासून."

"साहेब परत येणार आहेत जानेवारीत."

"येऊ देत."

गोळेसर उठले, चपलांत पाय घातले आणि पायरीवर थांबले. "निदान तेवढे दिवस वर्गाचं दार लावून घेत जा."

"दार उघडंच राहील, सर," लीला म्हणाली. "त्यांना आत येता आलं पाहिजे."

गोळेसर उतारावरून पौड रस्त्याकडे चालू लागले. सोमवारी सकाळी लीलाच्या टेबलावर अकरावीचं हजेरीपत्रक होतं.